रविवार कुणाकुणाचा

श्टुटगार्टला रात्री बर्फ पडला, तर घरासमोरच्या फुटपाथवरून तो काढायची जबाबदारी घरात राहणाऱ्यांची असते. कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत, रविवारी नऊच्या आत. जानेवारीत इथे सूर्यच मुळी सव्वाआठच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे नऊची सवलतही तशी बेताचीच. मीठ टाकून बर्फ वितळवायचा नाही, झाडांच्या मुळांना ते बाधतं. बारीक खडी पसरायची. आमच्या इमारतीत ज्या बिऱ्हाडाच्या दाराला त्या आठवड्याची पाटी टांगलेली असेल, त्याने हे काम करायचं. या आठवड्यात पाटी आमच्याकडे आहे. नवरा फावडं घेऊन खाली गेलाय, लेक खडीची बादली घेऊन त्याच्या मागे, आणि मी बाजरीच्या पिठाचा डबा काढलाय. भोगी याच आठवड्यात येते आणि आडवारी ती नीट करायला आमच्यापैकी कुणालाच सवड नसते.

इथला रविवार शांत असतो. ही शांतता नुसत्या सवयीची नाही, तिला राज्यघटनेचा आधार आहे. 1919 च्या वायमार घटनेच्या 139 व्या कलमाने रविवार विश्रांतीसाठी आणि मनाच्या उन्नतीसाठी राखून ठेवला. 1949 च्या घटनेने ते कलम जसंच्या तसं आपल्यात घेतलं. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायला परवानगी दिली, तेव्हा तिथल्या चर्च संघटना घटना न्यायालयात गेल्या आणि 2009 मध्ये न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. या एका बाबतीत कामगार संघटनाही चर्चच्या बाजूने उभ्या असतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. दुकानातल्या बाईलाही तिच्या मुलांबरोबर जेवायला मिळावं, म्हणून आख्ख्या देशाने एक दिवस बाजार बंद ठेवायचा, याला मोठं मन लागतं.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ असा की शनिवारी दूध-भाजीची यादी डोळ्यांत तेल घालून तपासायची. रविवारी स्टेशनातली दुकानं आणि सकाळी काही तास बेकऱ्या, बहुतांशी एवढंच उघडं असतं. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या पिंपात टाकायच्या नाहीत, व्हॅक्युम क्लीनर शनिवारीच फिरवून घ्यायचा. मिक्सरसुद्धा मी रविवारी लावत नाही. दाण्याचं आणि तिळाचं कूट आदल्या दिवशी करून ठेवते. मग रविवारी उरतात ती बिनआवाजाची कामं. तळघरातल्या वाळवणाच्या खोलीतून कपडे आणून घड्या घालायच्या, शर्टांना बटणं लावायची, मेथी निवडायची, पीठ मळायचं. यंत्रं गप्प झाली की घरात नेमकं किती काम असतं ते स्पष्ट दिसतं, आणि ते कोण करतंय हेही दिसतं.

भोगीच्या भाजीसाठी काल चौकातल्या शनिवारच्या बाजारातून गाजरं आणि मटार आणले. वांगी हिवाळ्यात बाहेरून येतात, मोठी आणि पाणचट. लहान काटेरी वांगं मिळायला भारतीय वाण्याकडे जावं लागतं आणि तिथेही नशीब लागतं. सोलाणे नाहीत, म्हणून हरभरे रात्री भिजत घातले. बोरं आणि उसाचे करवे नाहीतच. तीळ तुर्की दुकानातले, आणि ते उत्तम असतात, कारण तुर्कस्तानाला तिळाची कदर आहे. या भाजीत तिळाचं कूट सढळ हाताने पडलं की बाकीच्या उणिवा भरून निघतात.

बाजरीची भाकरी मात्र इथे परीक्षा घेते. पीठ महिनोन्‌महिने पाकिटात राहिलेलं, त्याची विरी गेलेली. गार पाण्याने मळलं तर थापताना कडा फाटतात. म्हणून पाणी चांगलं उकळायचं, चिमूटभर मीठ घालायचं, ते परातीतल्या पिठाच्या मधोमध ओतायचं, चमच्याने कालवून पाच मिनिटं झाकायचं, आणि हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या मुळाने रगडत राहायचं. रगडता रगडता एक क्षण येतो, पिठाचा खरखरीतपणा जातो आणि गोळा हाताला मऊ लागतो. तिथेच थांबायचं. भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटणं, हे आपलं नेहमीचंच. पण आमची शेगडी काचेची, तिच्यावर जाळ नाही. तव्यावरून काढून निखाऱ्यावर किंवा गॅसवर फुगवायची सोय नाही. मग सुती फडक्याची घडी करून कडेकडेने दाबत भाकरी तव्यावरच फिरवायची. वाफ आत कोंडते आणि बहुतेक वेळा पापुद्रा सुटतो.

आज हे रगडायचं काम लेकाने केलं. तो बारा-तेरा वर्षांचा आहे आणि त्याच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त जोर आहे. थापायचं काम अजून मीच करते.

फोडणी पडली की खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर शून्याखाली असलं तरी. तसंही हिवाळ्यात दिवसातून तीन-चारदा पाच-दहा मिनिटं सगळं घर उघडून हवा खेळवायची असते. नाहीतर धुण्याची, श्वासाची, शिजणाऱ्या अन्नाची वाफ गार भिंतींवर बसते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. भाडेकरूने हवा खेळवणं हे त्याचं कर्तव्य समजलं जातं. आम्ही त्याला आणखी एक नियम जोडलाय: फोडणीआधी सगळ्यांचे कोट झोपायच्या खोलीत नेऊन दार लावून घ्यायचं. लोकरीत शिरलेला हिंगाचा वास सोमवारी ट्राममध्येही आपल्याबरोबर येतो.

पाटीची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण या शहराची ती खूण आहे. श्वाबेन भागातल्या या रिवाजाला केरवोखे म्हणतात. प्रत्येक बिऱ्हाडाने आपल्या मजल्याचा जिना पुसायचा ही लहान पाळी. अंगण, तळघर, फुटपाथ ही मोठी पाळी. या रिवाजाचं मूळ पंधराव्या शतकापर्यंत मागे नेतात. फुटपाथ दर आठवड्याला झाडायची सक्ती शहराने 1988 मध्ये उठवली, तरी भाडेकरारांतून आणि घरोघरच्या नियमांतून पाळी टिकून आहे. आमच्या इमारतीत एक दातांचे डॉक्टर आहेत, एक बसचालक, एक विद्यार्थिनी, वरच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक आजी. पाटी सगळ्यांच्या दारावर जाते. आजींना गुडघे वाकवता येत नाहीत म्हणून त्यांचा आठवडा आम्ही बाकीचे वाटून घेतो, पण पाटी त्यांच्या दारावर टांगली जातेच. तसा त्यांचा आग्रह आहे. डॉक्टर जिना पुसताहेत आणि बसचालक त्यांना ओलांडून वर चाललाय, हे दृश्य मला अजूनही थांबून पाहावंसं वाटतं. आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात असायचा हे जन्माने ठरवून टाकलं गेलं. जिना पुसण्यात कमीपणा नाही हे इथे माझा मुलगा कुठल्या धड्यातून शिकला नाही. त्याला तो पुसावा लागतो, बस्स.

म्हणून इथलं सगळंच चांगलं, असं मात्र नाही. दुपारी तिळाचे लाडू घेऊन आजींकडे गेले, तेव्हा त्यांनी मसुराची आमटी लावली होती. श्वाबेनमधल्या घरांत व्हिनेगर घालून आंबटसर केलेली मसूर आणि घरच्या पिठाच्या श्पेट्झलं शेवया हे ठरलेलं जेवण. चिंचेच्या जागी व्हिनेगर आणि कढीपत्त्याच्या जागी तेजपान, एवढं सोडलं तर ती आमटी मला परकी वाटत नाही. बोलता बोलता आजी म्हणाल्या, त्यांचं लग्न झालं तेव्हा बायकोने घराबाहेर नोकरी करायची तर संसाराच्या कर्तव्यांना धक्का लागता कामा नये, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. खरंच आहे ते. पश्चिम जर्मनीच्या नागरी संहितेतलं ते कलम 1977 मध्ये बदललं. त्यांचे यजमान रविवारी टेकडीवर फिरायला जायचे, द्राक्षमळ्यांच्या कडेने, आणि आजी चार जणांसाठी शेवया पाडत असायच्या. "घटनेतला रविवार पुरुषांचा होता," आजी म्हणाल्या. आजही चित्र पुरतं बदललेलं नाही: 2022 च्या इथल्या पाहणीत बिनपगारी कामाला बायका पुरुषांपेक्षा सुमारे 44 टक्के जास्त वेळ देतात असं दिसलं. भारतातल्या 2019 च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता. पुरुषांत जे घरकाम करतात, त्यांचाही सरासरी वेळ फक्त 97 मिनिटं.

भारतातला रविवारही कुणी आयता दिलेला नाही. तो मिळवला नारायण मेघाजी लोखंडे यांनी, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या कार्यकर्त्याने. मुंबईच्या गिरणी कामगारांना तेव्हा आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी 1884 पासून ही मागणी लावून धरली. रविवार खंडोबाचा वार, तो कामगाराला घरच्या देवासाठी आणि समाजाच्या कामासाठी मिळावा, असं त्यांचं म्हणणं होतं असं सांगतात. 1890 च्या एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिच्यात दोन कामगार बायकाही बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला रविवारची सुट्टी मान्य झाली. त्या दोघी काय बोलल्या असतील याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. गिरणीची सुट्टी मिळाली तरी घरी चूल वाट पाहत असणार, हे त्यांच्याइतकं त्या सभेत कुणाला ठाऊक असेल?

मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्याच्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, त्यामुळे परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक होऊन इकडे येऊ पाहणारी पुष्कळ तरुण मंडळी सध्या गावोगावी जर्मन शिकत असतील. त्यांना भाषेबरोबर वरणभात लावायला, शर्टाला इस्त्री करायला आणि संडास घासायलाही शिकवून पाठवावं, असं मी कळकळीने सांगेन, विशेषतः मुलांच्या आईवडिलांना. इथे कामाला बाई नाही, डबा नाही. एकट्या खोलीत पावाच्या तुकड्यांवर हिवाळा काढणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांची तब्येत आणि उमेद दोन्ही खचतात.

दुपारी आजींकडे नेलेले तिळाचे लाडू हेही एकट्याने करायचं काम नाही. चिकीचा गूळ इथे मिळत नाही, साध्या गुळाचा पाक पक्का करावा लागतो; वाटीभर पाण्यात थेंब टाकला आणि त्याची गोळी ताटलीवर टण्‌कन वाजली की गॅस बंद, म्हणजे आमच्याकडे बटण बंद. त्यानंतर तीळ-दाणे घालून ढवळलं की चार-पाच मिनिटांत मिश्रण आळतं. तेवढ्यात सगळे वळून झाले पाहिजेत. तिघंही तुपाचे हात घेऊन भोवती उभे राहिलो. गरम असताना बोटं पोळतात, निवलं तर लाडू धरत नाही. लेकाचे लाडू लिंबाएवढे झाले, नवऱ्याचे एकसारखे आणि लहान. मागून कढई नवऱ्याने घासली. गुळाची कढई घासायला गरम पाण्यात बराच वेळ जातो.

पाच वाजायच्या आत सूर्य मावळला आणि मी पुण्याला आईला फोन लावला. तिच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींना दिवाळीपासून तिने रविवारची सुट्टी दिली आहे, पगार न कापता. पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 मध्ये संप केला होता. पगाराबरोबर हक्काच्या सुट्टीचीही मागणी होती. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. 2008 मध्ये राज्यात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरी आठवड्याची सुट्टी अजून मालकिणीच्या मर्जीवरच आहे. आईच्या मजल्यावरच्या आणखी दोन घरांनी ती दिली, एका घराने दिली नाही, त्यामुळे मावशींना एका घरासाठी यावंच लागे. शेवटी माझे बाबा त्या घरी जाऊन बोलले. रविवारची भांडी आता बाबा घासतात, आणि चांगली घासतात, असं आईचं म्हणणं.

मावशी रविवारी काय करतात, असं मी विचारलं. आठवड्याचं साठलेलं धुणं, दळण, नातीला तेल लावून न्हाऊ घालणं, असं आई म्हणाली. त्यांचा मुलगाही रविवारी घरीच असतो. तो यातलं काही करतो का, ते तिने विचारलेलं नव्हतं. सोमवारी मावशी आल्या की विचारते म्हणाली.