ओंजळभर बाग

बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात बाग ही चैन वाटते. परंतु चिनी गुलाबाला ओंजळभर पाणी पुरते. त्याची मांसल पाने ओलावा साठवतात आणि बोटभर काडी खोचली तरी रुजते. पाणी साचू मात्र देऊ नये.

वडील गेल्यावर आईने अंथरूण धरले. तिचे सारे आम्ही करीत होतो. तिला करण्याजोगे काही उरले नव्हते. ओट्यावर, कमरेच्या उंचीवर, उन्हात एक छोटी कुंडी ठेवली. माती कोरडी झाली का, हे बोटाने पाहणे तिच्याकडे सोपविले. ही फुले सकाळच्या उन्हात उमलून दुपारनंतर मिटतात. त्यांच्या ओढीने आई दारापर्यंत येऊ लागली.

वाचकहो, वृद्धांची सेवा अवश्य करा; पण एखाद्या इवल्या जिवाची सेवा त्यांच्याही हाती राहू द्या.