कणीवर पिल्लं तगतात, वाढत नाहीत

यंदा मी वनराजा जातीच्या कोंबडीची एक दिवसाची पिल्लं आणली, तेव्हा सासूबाईंनी सवयीने सुपात तांदळाची कणी काढली. "अगं, आमची सगळी कणीवरच तर वाढली!" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्यांच्या पिल्लांसोबत कोंबडी असायची. ती दिवसभर पाचोळा उकरून वाळवी, किडे पिल्लांपुढे टाकायची. अंगणातली कणी हा वरचा खाऊ होता. बल्बखाली खोक्यात वाढणाऱ्या पिल्लाला किडे कोण देणार? नुसत्या कणीत प्रथिनं जेमतेम ७-८ टक्के, आणि पिल्लाला लागतात २० टक्क्यांच्या आसपास. कमी पडली की पंखांची पिसं नीट येत नाहीत, पिल्लू मागे पडतं आणि बाकीची त्याला टोचायला लागतात.

पोटातल्या बलकावर पिल्लू साधारण दोन दिवस काढतं, म्हणूनच त्याला लांबून आणता येतं. पण घरी आल्यावर आधी पाणी. उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडा गूळ घालून मी एकेकाची चोच त्यात बुडवली. भांडं उथळ घेतलं आणि त्यात गोटे ठेवले, नाहीतर पिल्लं बुडतात. पाणी पिऊन झाल्यावर गोणपाटावर मक्याचा भरडा पसरला. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात, म्हणून गोणपाट. बोटाने भरड्यावर टकटक केलं, तसं एक पिल्लू धावत आलं, त्याने दाणा टिपला आणि मग सगळीच तुटून पडली.

दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. दुकानदार लेअरच्या, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या, खाद्याचं पोतं पुढे करत म्हणाला, "सगळं एकच आहे ताई." ते एक नाही. लेअरच्या खाद्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, स्टार्टरमध्ये एक टक्क्याच्या आसपास. पिल्लाला ते जास्तीचं कॅल्शियम झेपत नाही, मूत्रपिंडं निकामी होतात.

कोकणातल्या पावसात आणखी एक धोका म्हणजे बुरशी. खाद्याला गोळे आले, कुबट वास आला की मी ते सरळ फेकते. उन्हात वाळवलं तरी बुरशीचं विष जात नाही, आणि ते यकृतावर जातं.

रोज रात्री मी पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी चाचपते. भरलेली आणि मऊ लागली तर पोट भरलंय. रिकामी लागली, तर त्या पिल्लाला ऊब किंवा खाणं कुठेतरी कमी पडतंय.

सासूबाई आता वाळवीचं ढेकूळ आणून खोक्यात फोडतात. ते मला मनापासून पटतं. फक्त फवारणी झालेल्या जागेतलं नको. पिल्लं आणणार असाल तर आधी स्टार्टर घरी आणा, मग पिल्लं. आणि पहिले सहा आठवडे त्यांना तेच घाला.