मोडकी सुई

आमच्या घरात सुया मोजून असत. नऊ सुया आणि दोन दाभणं, औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत पावडर भरून त्यात खुपसलेली. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा. सुई चार दिवस उघडी राहिली की तांबेरलीच. तांबेरलेली सुई कापडात अडते, जोर केला की मोडते. म्हणून शिवताना आजी मधूनमधून सुई आपल्या केसांतून ओढायची. डोक्याला लावलेलं खोबरेल सुईला तेवढं पुरे. शिवणयंत्राला मात्र ते तेल चालत नाही. शेजारच्या काकूंनी एकदा घातलं, ते आत चिकटून चाक फिरेना. शेवटी रॉकेलने धुवावं लागलं.

गोधडी खरी शिवायची ती मे महिन्यात, खळ्यात. पण १९८२ च्या श्रावणात ताई पहिल्या बाळंतपणाला आली. बाबा मुंबईला गिरणीत. १८ जानेवारीपासून संप, मनीऑर्डर बंद. बाळासाठी विकत काही आणायचं नावच नको. आजीने ट्रंकेतलं एक जुनं लुगडं काढलं, चुलीवर दोरी बांधून वाळवलं आणि माजघरात पसरलं. चार पदर, कोपऱ्यांवर दगड. आधी मधून कडेकडे लांब कच्चे टाके, म्हणजे चुणी बाहेर निघते. मग कडेपासून आत धावदोरा. दोरा हातभरच घ्यायचा, मेणबत्तीवरून ओढून. लांब घेतला की गुंततो, आणि सारखा कापडातून जाऊन पिसतो.

चार पदरांची शिवण जिथे जाड झाली होती, तिथे कट्कन आवाज झाला. नेढ्याकडचा तुकडा आजीच्या बोटांत राहिला. टोकाकडचा कुठे गेला, दिसेना.

आईने चटई झाडली. मी जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक आणून गोधडीवरून दोन्ही बाजूंनी फिरवलं. काही लागलं नाही. वीज तर संध्याकाळपासूनच गेलेली. ताई म्हणाली, "आजी, पडलं असंल कुठंतरी. ऱ्हाऊ दे आता."

"टोक गावल्याबिगर ह्ये पोराच्या अंगाखाली जायाचं नाय," आजी म्हणाली आणि कंदील जवळ ओढून टाके उसवायला बसली. तीन दिवसांचं काम. मला राग आला होता. चुंबक फिरवलंय ना, मग आणखी काय हवं हिला? आई काही बोलली नाही, दुसऱ्या टोकाने उसवू लागली. दोरा तुटू न देता काढायचा, कारण तोच परत वापरायचा होता. उसवलेला प्रत्येक पदर आजी उजेडावर धरून तळव्याने चाचपायची, हलक्या हाताने, आतून बाहेर.

टोक कापडात नव्हतंच. पहाटे आजी उठताना तिच्या लुगड्याच्या निरीत काहीतरी टोचलं. तिने ते चिमटीत धरून कंदिलापाशी आणलं, बोटांतल्या अर्ध्या सुईला जोडून पाहिलं. पुरी सुई झाली. मग दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून मला दिले आणि विहिरीपलीकडे, गडग्याच्या भोकात टाकून यायला सांगितलं. गुरांच्या वाटेवर नको म्हणाली.

बाटलीत आठ सुया उरल्या. गोधडी पुरी झाली ती बारशानंतर तीन दिवसांनी. तोवर भाचा बाबांच्या जुन्या धोतरात निजला.