टू प्लस

४ जुलै
टाके सुकले, ड्रेनची नळी निघाली. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आज आला. डॉक्टरांनी तो यांच्या हातात दिला, बोलले तेही यांच्याशीच. मी शेजारच्याच खुर्चीत होते. हात पुढे करून मागून घेतला. गाठ माझ्या स्तनातली, तिची हकिकत आधी मला कळायला हवी. आमच्याकडे बाईच्या आजारपणात पुरुष बोलतात आणि बाई फायलींची पिशवी मांडीवर घेऊन बसते. हे थांबलं पाहिजे.

५ जुलै
गाठ २.२ सेंटिमीटर. कडा मोकळ्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत. काखेतल्या तपासायला काढलेल्या तिन्ही ग्रंथी स्वच्छ. फोनवर सगळे एकच विचारतात, स्टेज कितवी? दुसरी. पण त्यातून गाठ केवढी होती आणि कुठवर पोचली होती एवढंच कळतं. ग्रेड निराळी: पेशी मूळच्या रूपापासून किती बदलल्या, ते ती सांगते. माझी २. औषधं ठरायला खालच्या ओळीही तितक्याच लागतात. हार्मोन पकडणाऱ्या ग्राहकांचे गुण: ईआर आठपैकी आठ, पीआर आठपैकी सहा. गाठ हार्मोनवर पोसलेली, तेव्हा हार्मोन रोखणाऱ्या गोळीचा उपयोग होणार. हर-टू या प्रथिनापुढे मात्र २+.

८ जुलै
लेकीला घेऊन मिरजेला डॉक्टरांकडे गेले, २+ म्हणजे काय ते विचारायला. हर-टूसाठी पेशींना रंग देऊन पाहतात: शून्य किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. २+ असेल तर नुसत्या रंगावरून ठरवता येत नाही. मग फिश नावाची तपासणी, तीत हर-टू जनुकाच्या प्रती मोजतात. मेणात जपलेला गाठीचा तुकडा, ज्याला सगळे ब्लॉक म्हणतात, तो मुंबईला गेला. पॉझिटिव्ह आलं तर केमो आणि ट्रास्टुझुमॅब, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. हृदयासाठी मधूनमधून टूडी इको. १९९८ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. त्याआधी अशा गाठीपुढे डॉक्टरांचे हात फार तोकडे पडत. भारतात बनलेलं, त्या मानाने स्वस्त औषध २०१४ पासून मिळतं, पण खर्च मोठाच. हे हिशेब करत बसलेत.

१९ जुलै
फिश निगेटिव्ह! वन्सं पेढे आणायला निघाल्या होत्या.
म्हणजे ट्रास्टुझुमॅब नको. पण केमो तरी घ्यायची का? भाऊ म्हणतो, "ताई, घेऊनच टाक, मनात रुखरुख नको." त्याची माया मला कळते. पण रुखरुख जावी म्हणून घ्यायचं औषध नव्हे ते. पांढऱ्या पेशी उतरतात, काही केमोंनी बोटं बधिर होतात. फायदा होणार असेल तर मी सगळं सोसेन. तो होणार का, हे गाठीलाच विचारता येतं. एकवीस जनुकांची एक चाचणी आहे. दहा हजारांवर बायकांचा तिच्यावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काख स्वच्छ, वय पन्नाशीपुढे आणि स्कोअर २५ पर्यंत असेल, तर हार्मोनच्या गोळ्यांवर केमोची भर घालून फायदा दिसला नाही. नमुना अमेरिकेला जातो, खर्च लाखांत. बंगळुरूत तयार झालेली कॅनअसिस्ट ही तशीच चाचणी बरीच स्वस्त. तिच्यामागे एवढा मोठा अभ्यास नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही तीच निवडली.

६ ऑगस्ट
निकाल: कमी धोका. सगळं मिळून पाहून केमो नको, असं डॉक्टरांचं मत पडलं आणि मलाही पटलं. स्तन राखलाय, तेव्हा रेडिएशन घ्यायचंच: आठवड्याचे पाच दिवस, तीन आठवडे. पाळी गेलेली असल्याने पुढे लेट्रोझोल, रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. तिने हाडं विरळ होतात, म्हणून आधी डेक्सा तपासणी. सांधे दुखले तर गोळी मनानेच सोडायची नाही, विचारायचं. अशी औषधं बदलून देता येतात.
रात्री धाकट्या बहिणीला फोन केला. मॅमोग्राफी करून घे म्हटलं. "बघू गं, गणपती होऊ देत," म्हणाली. उद्या तिच्या नवऱ्याला नाही, पुन्हा तिलाच फोन करणार.