तळहातावरचं कॉव्हेन्ट्री

वाण्यानं सुट्या पैशांऐवजी हातावर पेपरमिंट ठेवलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातले व्यापारी याच अडचणीत सापडले होते. पण त्यांनी काढलेला तोडगा पेपरमिंटपेक्षा पुष्कळ टिकाऊ ठरला.

१७७५ नंतर तिथल्या सरकारी टांकसाळीनं तांब्याची नाणी पाडणं जवळजवळ थांबवलं होतं. इकडे गिरण्या वाढत होत्या. मजुरांची मजुरी चुकवायची कशानं? खोट्या नाण्यांना ऊत आला. शेवटी १७८७ साली वेल्समधल्या एका तांब्याच्या खाणीनं स्वतःचीच पेनी पाडली आणि पाठोपाठ गावोगावच्या व्यापाऱ्यांनी तोच मार्ग धरला. ही ‘टोकन’ म्हणजे तांब्याची हुंडीच! अमक्याच्या वखारीत पैसे मिळतील, असं कित्येकांच्या कडेवर कोरलेलं असे. गंमत अशी, की त्याच सुमारास बर्मिंगहॅमजवळची मॅथ्यू बोल्टनची यंत्रं आपल्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडीत होती!

मला नाद लागला तो या टोकनांवरच्या इमारतींचा. यॉर्कचं टोकन घ्या. एका बाजूला तिथलं भव्य कॅथीड्रल, दुसऱ्या बाजूला क्लिफर्डचा बुरूज. अनोळखी व्यापाऱ्याच्या नाण्यावर विश्वास बसायचा, तर त्यावर ओळखीचं काहीतरी हवंच.

कॉव्हेन्ट्रीच्या १७९२ च्या अर्ध्या पेनीवर लेडी गोडिव्हा घोड्यावर बसली आहे. प्रजेवरचा कर माफ व्हावा म्हणून ती विवस्त्र होऊन नगरातून फिरली, अशी तिची कथा. मागच्या बाजूला पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती! तो त्या शहराच्या चिन्हातला. आपल्या डोळ्यांना मात्र ती थेट अंबारीच वाटते.

पुढे ही टोकन जमवणारे हौशी लोक निघाले, आणि बर्मिंगहॅमच्या पीटर केम्पसननं मुख्यतः त्यांच्यासाठीच इमारतींच्या मालिका काढल्या. १७९७ च्या त्याच्या कॉव्हेन्ट्री-मालिकेत तिथला प्रसिद्ध क्रॉस आहे. तो तर १७७१ मध्येच उतरवला होता! त्याच मालिकेतलं सेंट मायकेलच्या चर्चचं टोकन खिशात घालून मी पुष्कळ वर्षांपूर्वी लंडनहून आगगाडीनं कॉव्हेन्ट्रीला गेलो.

चर्चचा उंच मनोरा लांबूनच दिसला. जवळ गेलो, आणि आत शिरलो तो उघड्या आभाळाखाली! १९१८ साली कॅथीड्रल झालेली ही वास्तू १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जळाली. मनोरा आणि बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्या. शेजारी बेसिल स्पेन्सनं बांधलेलं नवं कॅथीड्रल १९६२ पासून उभं आहे. जुने अवशेष मात्र मुद्दाम तसेच राखले आहेत.

मी टोकन काढून त्या भिंतींशी ताडून पाहत होतो. बाकावरच्या एका वृद्ध बाईंनी कुतूहलानं हात पुढे केला. चष्मा सावरून त्यांनी ते बराच वेळ निरखलं.

“छपरासकट आहे की!” त्या म्हणाल्या. “मी लहानपणी आईबरोबर यायची, तेव्हा अस्संच होतं.”

केम्पसननं हे टोकन केलं ते चार पैसे मिळवण्यासाठी. दीडशे वर्षांनी ते छप्पर कोसळेल, हे त्याच्या स्वप्नातही नसेल. बाईंनी अंगठ्यानं ते इवलंसं छप्पर एकदा हलकेच पुसलं आणि टोकन माझ्या हातावर ठेवलं.

“जपून ठेवा हं,” त्या म्हणाल्या.