तीन साक्षीदार आणि एक ‘फ्लॅटमेट’

लग्नाची नोटीस लागली आणि अनोळखी माणसांचे फोन सुरू झाले, तेव्हा वाटलं होतं, कट्टरपणा म्हणजे काय ते आता आपल्याला कळलं. प्रत्यक्षात ते कळायला आणखी महिना जावा लागला...

१७ ऑक्टोबर २०२३, मंगळवार. लॅपटॉपवर सुप्रीम कोर्टाचं लाइव्ह स्ट्रीमिंग, एका हातात फोन, दुसऱ्या हातात गार झालेला चहा. फ्रीलान्स जर्नलिस्टचं आयुष्य हे असं. निकाल लागायच्या आत एडिटरला त्यावरचा लेख हवा असतो! पण त्या दिवशी माझं लक्ष लेखात नव्हतंच. समोर सोफ्यावर माझा कॉलेजपासूनचा मित्र बसला होता. ऑफिसला ‘बरं वाटत नाही’ असा मेल टाकून तो माझ्याकडे आला होता.

त्याचं नाव इथे सांगत नाही, कारण ऑफिसमध्ये त्याने अजून ‘सांगितलेलं’ नाही. आपण त्याला दोस्त म्हणूया. दोस्त गे आहे. तेव्हा त्याला आणि त्याच्या पार्टनरला एका घरात राहायला लागून सहा वर्षं झाली होती. पार्टनर आर्किटेक्ट आहे, म्हणून तो आपला आर्किटेक्ट.

पाच न्यायाधीशांची चार निकालपत्रं होती. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही आणि स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये कोर्ट बदल करणार नाही, यावर पाचही जणांचं एकमत. अशा जोडप्यांच्या नात्याला निदान काहीतरी कायदेशीर मान्यता असावी, असं सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांचं म्हणणं होतं. पण तीन विरुद्ध दोन असे ते अल्पमतात गेले. चेंडू संसदेच्या कोर्टात. विषय संपला.

दोस्त उठला. बेसिनमध्ये दोघांचे कप विसळले. मग म्हणाला, ‘‘तुझं लग्न दहा दिवसांवर आलंय ना? साक्षीदाराच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स किती लागतात गं?’’

नोटीस बोर्डवर आम्ही

माझा नवरा वसईचा, कॅथलिक. त्यांच्या घरात सगळे मराठीच बोलतात. तरी माझ्या आत्याने पहिल्याच भेटीत ‘मराठी येतं का रे तुला?’ असं विचारलंच. तर ते असो. आम्हाला ना चर्चमध्ये लग्न करायचं होतं, ना मंगल कार्यालयात. दोघांनीही आपापला धर्म आहे तसा ठेवायचा, तर रस्ता एकच. स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४.

ज्यांनी हा अनुभव घेतलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. त्यात नाव, वय, व्यवसाय, राहण्याचा पत्ता, सगळं. ती ३० दिवस ऑफिसात लागते आणि कुणीही येऊन हरकत घेऊ शकतो. हरकतीची कारणं कायद्यात मोजकीच आहेत. आधीचा नवरा किंवा बायको हयात आहे, वय भरलेलं नाही, नातं फार जवळचं आहे, किंवा संमती देण्यासारखी मानसिक अवस्था नाही. ‘धर्म वेगळा’ हे कारण त्यात कुठेही नाही. पण पत्ता मिळालेल्या माणसाला कारण कशाला लागतंय?

ऐन गणपतीत बाबांना फोन आला. ‘‘पोरगी बाटतेय तुमची, कळतंय का?’’ बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. आमच्या सोसायटीचं नाव आणि मजला मात्र बरोबर सांगितला. दुसऱ्या दिवशी दुसरा फोन. तिकडे वसईत, रविवारच्या मिस्सानंतर एका ओळखीच्या गृहस्थांनी सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं, ‘‘नातवंडांचा बाप्तिस्मा तरी होणार ना?’’ आमच्या जन्मालाही न आलेल्या पोरांची काळजी दोन्हीकडे सारखीच होती!

आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. ते रात्री उठून दाराची कडी तपासायला लागले. आईने हे दोस्तला सांगितलं, आणि तो सॅक घेऊन त्यांच्या घरी राहायला गेला. चार रात्री तो आमच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपला. बाबांबरोबर पोलीस चौकीत जाऊन त्याने अर्ज दिला. ‘पोच द्या साहेब’ म्हणून तासभर तिथेच बसून राहिला. आई त्याला रोज सकाळी पोहे करून घालायची आणि मला फोनवर सांगायची, ‘‘मुलगा असावा तर असा!’’

हे चार रात्रींचं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

सगळे एका बाजूला

निकालावरच्या लेखासाठी मी जुना घटनाक्रम काढून बसले. २ जुलै २००९ रोजी दिल्ली हायकोर्टाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात कोण गेलं? दिल्लीचे एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, काही ख्रिश्चन संघटना. ११ डिसेंबर २०१३ ला ते जिंकले. कलम ३७७ परत आलं. गंमत म्हणजे हे कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत आणलेलं. ‘ही पाश्चात्त्य थेरं आपल्याकडे नकोत’ म्हणणारे लोक एक पाश्चात्त्य कलम उराशी धरून बसले होते! ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानेच दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं.

२०२३ मध्ये प्रश्न लग्नाचा होता आणि विरोधात पुन्हा तसंच चित्र. जमियत उलेमा-ए-हिंदही कोर्टात विरोधात आणि अखिल भारतीय संत समितीही विरोधात. एरवी एका मांडवात न बसणारी ही मंडळी इथे शेजारी शेजारी उभी. संघाचे सरसंघचालक मोहन भागवत त्याच वर्षी जानेवारीत एका मुलाखतीत म्हणाले होते की, अशी माणसं पूर्वीपासून समाजात आहेत, त्यांना त्यांची जागा मिळाली पाहिजे. त्यासाठी त्यांनी जरासंधाच्या दोन सेनापतींचा दाखला दिला होता. पण मार्चमध्ये दत्तात्रेय होसबाळे यांनी स्पष्ट केलं की लग्न हा संस्कार आहे आणि तो स्त्री-पुरुषातच होतो.

म्हणजे असण्याला एकवेळ चालेल, लग्नाला नाही! का बरं? मी जरा विचार केला. लग्नाने ठरतं की घरात कोण येणार, इस्टेट कुणाला जाणार, मुलं कुणाची म्हणायची, अग्नी कोण देणार. या दारावर परवानगी द्यायला जो बसतो, त्याच्या हातात अख्खं घर असतं. बाबांना फोन करणाऱ्याला तरी देवाची कुठे पडली होती? ‘मला न विचारता कसं?’ एवढाच त्याचा सवाल होता. हा सवाल जुना आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय लग्नांना कायद्याची मान्यता दिली, त्यांनाही याच सवालाला तोंड द्यावं लागलं. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं द्यायचे. त्यात समलिंगी संबंधांबद्दलचेही प्रश्न होते. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण उभे राहिले.

माझा लेख झक्कास झाला. एडिटरचा ‘सुपर्ब!’ असा मेसेज आला. मी खूश.

‘फक्त आजच्या दिवस’

दसरा झाला आणि आम्ही रजिस्ट्रार ऑफिसात पोचलो. कायद्याप्रमाणे तीन साक्षीदार लागतात. माझी मैत्रीण, नवऱ्याचा भाऊ आणि दोस्त. आर्किटेक्ट फोटो काढत होता. फॉर्मवर दोनच रकाने असतात, वर आणि वधू. दोस्तने ते एकदा वाचले, मग आपल्या जागी झोकात सही ठोकली. ‘‘अभिनंदन! आता तुम्ही कायद्याने अडकलात,’’ म्हणाला.

दुपारी जवळच्या चाळीसेक माणसांचं जेवण होतं. सांगलीहून काका येणार होते. काका म्हणजे आमच्या घरातला शेवटचा शब्द. ख्रिश्चन जावई त्यांनी महत्प्रयासाने गिळला होता. पायऱ्या उतरताना मी दोस्तला बाजूला घेतलं आणि म्हणाले,

‘‘ऐक ना, काकांनी विचारलं तर तो तुझा फ्लॅटमेट आहे असं सांग. प्लीज. फक्त आजच्या दिवस.’’

त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘‘ओके,’’ म्हणाला.

जेवायला तो एकटाच आला. आर्किटेक्टला ‘साइटवर अर्जंट काम’ निघालं होतं. दोस्तने पंगतीत आग्रह करकरून जिलबी वाढली. काका मला म्हणाले, ‘‘मुलगा चांगला आहे हो. लग्नाचं बघतायत का त्याच्या घरी?’’ मी हसून विषय बदलला.

पंधरा दिवसांनी फोटो आले. सव्वादोनशे. सही करतानाचा, हार घालतानाचा, आई डोळे पुसतानाचा. आर्किटेक्ट एकाही फोटोत नव्हता. मी दोस्तला फोन करून सॉरी म्हणाले. पत्रकार असल्यामुळे सॉरीबरोबर स्पष्टीकरणही दिलं. काकांचं वय, त्यांचं बीपी, वातावरण, टायमिंग...

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘बाबांना फोन करणाऱ्याला तू तुझ्या लेखात कट्टर म्हटलंस. बरोबरच आहे. पण तो अनोळखी होता गं.’’

यावर काय बोलणार? मास कॉमच्या दोन वर्षांत याचं उत्तर शिकवलं नव्हतं.

आरती आणि आशीर्वाद

मला आधी वाटायचं, दोस्तला धर्माचा राग असणार. मी त्याच्या जागी असते तर देवाचं नाव टाकलं असतं. पण हा पठ्ठ्या दरवर्षी आयटी दिंडीबरोबर आळंदी ते पुणे चालतो, गळ्यात माळ घालतो. एकदा म्हणाला, ‘‘कोर्टाचं सर्टिफिकेट इन्शुरन्सला, होम लोनला लागेलच. पण मला अंतरपाट हवाय. आईच्या हातच्या अक्षता हव्यात. देव माझाही आहे ना? तो मी कुणाच्या तरी नावावर का करून देऊ?’’

डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायची पाद्र्यांना मुभा दिली. हे लग्न नव्हे, असंही त्यात बजावलं होतं. सासूबाईंनी मला फोन केला. ‘‘पोप देतायत तर मी कोण नाही म्हणणारी? नाताळात त्या दोघांना घेऊन ये.’’ रोज रोझरी म्हणणाऱ्या बाईने पेज थ्रीवाल्या माझ्यापेक्षा आधी दार उघडलं होतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की, अशा जोडप्यांना बँकेत जॉइंट अकाउंट उघडता येईल, एकमेकांना नॉमिनी नेमता येईल. थोड्याच दिवसांत गणपती होते. आई-बाबांकडे आरतीला मी दोघांना बोलावलं. काका सांगलीहून आलेलेच होते. मी आरतीचं तबक बाजूला ठेवलं आणि म्हणाले, ‘‘काका, हा दोस्त, तुम्हाला माहितेय. आणि हा त्याचा जोडीदार. सात वर्षं एकत्र राहतात.’’

खोलीत फक्त झांजेची दोरी सोडवण्याचा आवाज. काकांनी दोघांकडे पाहिलं, बाप्पाकडे पाहिलं. ‘‘आरतीला उशीर होतोय,’’ एवढंच म्हणाले. जेवायला थांबले नाहीत. रात्रीच्या गाडीने परत गेले.

सिनेमात असतं तर पुढच्या सीनमध्ये काकांनी दोघांना जवळ घेतलं असतं. खऱ्या आयुष्यात २०२५ च्या गणपतीला काका आलेच नाहीत. त्याआधी ९ जानेवारीला सुप्रीम कोर्टाने फेरविचार याचिकाही फेटाळल्या होत्या. थायलंडमध्ये त्याच महिन्यात अशी लग्नं कायदेशीर झाली. आई माझ्यावर अजून नाराज आहे. ‘‘कोर्टाला जमलं नाही ते तुला गणपतीतच करायचं होतं का?’’ हा तिचा प्रश्न. बाबा काही बोलत नाहीत. पण दोस्त घरी आला की विचारतात, ‘‘एकटाच? तो कुठाय?’’

कायदा कधी बदलेल, मला सांगता येत नाही. संसदेच्या हातात आहे ते संसद बघेल. पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आपण आपल्याच माणसाला एका दुपारपुरतं फ्लॅटमेट करतो, ते मात्र आपल्या हातात असतं. मी ते एकदा केलंय. काका त्या गणपतीत ज्या रागाने निघून गेले, तो राग झेलणं मला माझ्या लग्नाच्या दिवशी जमायला हवं होतं.

बँकेत जॉइंट अकाउंट उघडलं, तेव्हा फॉर्मवर लावायला आर्किटेक्टकडे फोटोच नव्हता. शेवटी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत मीच घेऊन गेले त्याला. पासपोर्ट साइजचे आठ काढले. एक मी ठेवून घेतलाय, आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये.