दहा अधिक शहाणपण

तुमच्या ग्रुपमध्ये अशी एक व्यक्ती असतेच. पार्टीत शिरल्या शिरल्या तिला कळतं, की आज कुणाचं कुणाशी बिनसलंय. कुणी काही बोललेलं नसतं, सगळे हसत असतात, चिप्सचा बोल फिरत असतो. तरीही हिला कळतं. आणि दुसरा एक असतो, जो तीनशे ओळींच्या एक्सेल शीटमधली एक चुकलेली बेरीज दहा मिनिटांत पकडतो, पण शेजारी बसलेली बायको सकाळपासून बोललेली नाही याचा त्याला पत्ता नसतो. आपण दोघांनाही 'शार्प' म्हणतो. एकच शब्द! मी मात्र गेली चार वर्षं तसं म्हणणं सोडून दिलंय, आणि याचं श्रेय जातं वीस बाजूंच्या एका फाशाला.

डंजन्स अँड ड्रॅगन्स. नाव ऐकलं असेलच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ साली छापलेला खेळ. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात आणि अडलं की फासा टाकतात. पुण्यात आमचा शनिवारचा ग्रुप आहे. दोन आयटीवाले, एक डेंटिस्ट, एक बँकेतला आणि मी, जिचा पेमेंटचा चेक नेहमी 'नेक्स्ट वीक' येणार असतो. असो.

प्रत्येक पात्राचा एक कागद असतो आणि त्यावर सहा आकडे. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, आणि चारचौघांत पडणारी छाप. दहा म्हणजे सर्वसाधारण माणूस. त्यापुढे दर दोन गुणांमागे फाशाच्या आकड्यात एक मिळवायचा, दहाच्या खाली गेलात तर वजा. फंडा साधा आहे. पण खरी गंमत बुद्धी आणि शहाणपण यांच्यात आहे. शाळेपासून आपण हे दोन्ही एकाच डब्यात भरत आलोय, आणि हा खेळ ते ठामपणे दोन डब्यांत ठेवतो.

दडलेली गोष्ट लक्षात येणं, म्हणजे पर्सेप्शन, हे शहाणपणाच्या खात्यात. भिंतीमागचा आवाज, गवतातली हालचाल, जळका वास. आणि मिळालेल्या खुणा जोडून निष्कर्ष काढणं, म्हणजे इन्व्हेस्टिगेशन, हे बुद्धीच्या खात्यात. २००० सालच्या नियमांत तर बघणं वेगळं, ऐकणं वेगळं, शोधणं वेगळं असे तीन आकडे होते. २००८ मध्ये बघणं-ऐकणं एकत्र झालं आणि एक नवा आकडा आला, जो मला या खेळातला सगळ्यात सॉलिड शोध वाटतो: पॅसिव्ह पर्सेप्शन. तुम्ही काहीही शोधत नाही आहात, नुसते चालताय, गप्पा मारताय, तेव्हा तुम्हाला आपोआप किती दिसतं? सूत्र असं: दहा अधिक शहाणपणाचे गुण, आणि सराव असेल तर त्याचे वर. फासा टाकायचाच नाही. कारण डीएमनं 'जरा फासा टाक' म्हटलं, की खेळाडूला कळतंच, इथे काहीतरी लपलंय. म्हणून डीएम सगळ्यांचे हे आकडे आपल्या वहीत लिहून ठेवतो आणि चूप बसतो. ज्याचा आकडा पुरतो त्याला सांगतो, 'तुला दिसतंय.' बाकीच्यांना नाही.

म्हणजे शोधल्यावर सापडणं वेगळं आणि न शोधता दिसणं वेगळं. हे पटायला मला पुस्तकं लागली नाहीत, कारण मी मेहकरची. बुलडाणा जिल्हा. पुण्यात मेहकर म्हटलं की चेहरे कोरे होतात, मग 'लोणारजवळ' असं जोडावं लागतं. लोणार मात्र सगळ्यांना ठाऊक. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा तर माझ्या इनबॉक्सात महिनाभर तोच एक फोटो येत होता. (खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते झालं होतं, चमत्कार वगैरे काही नाही.)

सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवर. काठावर उभं राहिलं की कुणालाही दिसतं, पॅसिव्ह शून्य असलेल्यालाही! गावानं ते कायम पाहिलेलंच होतं. त्याला लवणासुराची कथा दिली, काठावर आणि तळाशी देवळं बांधली. 'ऐन-ए-अकबरी'त तर काच आणि साबण बनवायला लागणारा माल इथे मिळतो अशी नोंद आहे. तरीही अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८२३ मध्ये त्याचा 'शोध' लावला असं छापलं जातं. साहेबानं फासा टाकला आणि आकडा वहीत लिहिला, एवढंच.

पण हे कशानं झालं, हा प्रश्न बघून सुटणारा नव्हता. अख्खं दख्खन लाव्ह्याच्या दगडाचं, तेव्हा खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, असं भल्याभल्यांना वाटलं. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाला ॲरिझोनातल्या विवराशी साम्य दिसलं होतं, पण पुरावा नव्हता. तो मिळाला १९७३ मध्ये. इथल्या खडकात मास्केलिनाइट सापडलं, दगडातल्या खनिजाची झालेली एक प्रकारची काच. नुसत्या उष्णतेनं ती होत नाही, प्रचंड धक्का बसावा लागतो. म्हणजे वरून काहीतरी आदळलं. खड्डा किती जुना यावर अजून एकमत नाही: एका पद्धतीनं मोजलं तर पन्नास हजार वर्षांच्या आसपास, दुसरीनं पाच लाख सत्तर हजार. एवढा मोठा खड्डा समोर पसरलेला, आणि त्याची गोष्ट दगडाच्या आत, भिंगाखाली. हे पक्कं बुद्धीचं खातं.

शहाणपणाच्या खात्याचं उदाहरण आमच्या घरात राहतं. माझे बाबा. एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाले. आईच्या मांडीवर बसवलेल्या पोराचे पाय किती खाली लोंबतात यावरून ते हाफ तिकीट ओळखायचे. भरगच्च गाडीत, पुढून मागे येताना, कुणी तिकीट काढलं नाही हे त्यांना पाठीनं कळायचं. "चेहऱ्यावर लिवेल असते," असं म्हणायचे. ज्याच्याकडे तिकीट असतं तो कंडक्टरकडे बघतो, ज्याच्याकडे नसतं तो खिडकीबाहेर शेत बघतो. एवढीच थिअरी. माझ्या मास कॉमच्या दोन वर्षांत 'ऑब्झर्वेशन' या विषयावर याहून कामाचं काही शिकवलं गेलं नाही.

गेल्या दिवाळीत मी फासे घेऊन घरी गेले. दादाचा मुलगा तेरा वर्षांचा, त्याला खेळायचंच होतं. वहिनी टाइमपास म्हणून बसल्या, दादा वहिनी बसल्या म्हणून बसला. चौथा खेळाडू हवा होता. बाबांना म्हटलं, "बसता का?" ते म्हणाले, "पत्ते हायेत का?" पत्ते नव्हते, तरी बसले.

मी अजून २०१४ च्या नियमांनीच खेळवते. फासे टाकून गुण ठरवण्याऐवजी सगळ्यांना ठरावीक सहा आकडे दिले: १५, १४, १३, १२, १०, ८. कोणता कुठे ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. माणूस ओळखायचा असेल तर त्याची जन्मपत्रिका बघू नका, तो आठ कुठे ठेवतो ते बघा! भाच्यानं बुद्धीला आठ दिले, कारण त्याला फक्त कुऱ्हाड चालवायची होती. वहिनींनी ताकदीला दिले आणि म्हणाल्या, "घरात सिलिंडर मीच उचलते, इथे तरी नको." बाबांनी सहाही शब्दांचा अर्थ दोनदा विचारला. मग आठ दिले छापेला. "कंडक्टरले कायची छाप? सुट्टे मागनारा माणूस तो." पंधरा दिले शहाणपणाला. पात्र साधा माणूस निवडलं, नियमाप्रमाणे सगळ्या आकड्यांत एक वाढला, सोळा झाले, म्हणजे अधिक तीन. नजर ठेवण्याचा सराव, त्याचे दोन. दहा, तीन, दोन: पंधरा. पहिल्या पायरीच्या पात्राला हे फार चांगलं. मी वहीत लिहून घेतलं.

गोष्ट लोणारमध्येच घडवली. विवराच्या तळाशी, झाडीत, एक पडकं देऊळ. आत अंधार. भिंतीमागे पाणी ठिबकतंय, आणि ज्याचा पॅसिव्ह बारा किंवा वर त्यालाच ते ऐकू येणार. वहीनुसार बसलेल्या चौघांत फक्त बाबांना. मी आवाज खाली आणून, जरा नाटकीपणानं म्हणाले, "बाबा, तुम्हाला भिंतीमागून पाण्याचा आवाज येतोय."

बाबा "हाव" म्हणाले. मग त्यांनी वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं. मग भाच्याच्या. तो उठून उभा राहिला होता म्हणून हसले आणि म्हणाले, "चला मंग पुढं."

पंखा चालू होता, बाहेर पोरं सुतळी बॉम्ब फोडत होती. भाचा ओरडला, "आजोबा, पुढे नाही, भिंत फोडायची!" खेळ तासभर तसाच चालला. बाबांची खुर्ची भिंतीला पाठ लावून होती, उजवा कान आमच्याकडे. कुणी बोललं की ते आधी बोलणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्याकडे बघत होते. लोक हसले की हसायचं, लोक थांबले की थांबायचं. फोनवर बाबा दोन वाक्यांत आईकडे फोन देतात, याला घरात 'कंडक्टरी सवय, कामापुरतं बोलणं' असं नाव होतं. सवय नव्हतीच ती.

मग ब्रेकमध्ये, चिवडा आला तेव्हा, त्यांनी आपला कागद माझ्याकडे सरकवला. "याच्यात कानाचं इगळं कुठी लिवते?"

म्हटलं, वेगळं नाही. डोळे, कान, नाक, सगळ्यांचा एकच आकडा.

"आन् कोनाले कमी आयकू येत असन तं?"

नियम आहे. परिस्थिती प्रतिकूल असेल तर पॅसिव्हमधून पाच वजा.

बाबांनी पेन घेतलं, पंधरावर काट मारली आणि दहा लिहिलं. "आवाज येते," ते म्हणाले, "शब्द येत नाही." मग चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागले. आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही तिला. आईचा आकडा कुणी कधी काढलाच नाहीये.

नंतर बुलडाण्याला कानाची तपासणी झाली. कानटोपीसारखे हेडफोन, पीप वाजला की बटण दाबायचं. रिपोर्टात एक रेघ डावीकडून बरी सुरू होते आणि उजवीकडे घसरत जाते. वय वाढतं तसे उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ, त ही अक्षरं त्याच पट्टीतली, म्हणून बोलणं चाललंय हे कळतं, काय चाललंय ते कळत नाही. गोंगाटात आणखी कठीण. बाया-पोरांचे आवाज जास्त अवघड. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून? बाबा म्हणाले, "झाले तीन-चार वर्षं." इतका काळ ते चेहरे वाचून घर चालवत होते. खिडकीबाहेरचं शेत बघणारे प्रवासी ओळखले, त्याच कलेवर! रागही येतो आणि दादही द्यावीशी वाटते.

'आधी का नाही सांगितलं' हे घरात प्रत्येकानं एकेकदा विचारून झालं. मला उत्तर त्या कागदात दिसतं. तोंडानं 'मला ऐकू येत नाही' म्हणणं म्हणजे म्हातारा झालो म्हणणं. आकड्यावर काट मारणं म्हणजे हिशेब बरोबर करणं, आणि चुकीचा हिशेब घेऊन डेपोत गेलेला कंडक्टर मी तरी पाहिलेला नाही.

मशीन घेतलंय. बाबांना ते आवडत नाही. कढईत भाजी परतण्याचा आवाज फार मोठा येतो म्हणतात, पेपरची पानं कडकड वाजतात. दुपारी काढून ठेवतात, खेळताना मात्र घालतात.

कारण खेळ चालू आहे. मी गेले की दर वेळी पुढचा भाग. पाडव्याला ते तळाशी असलेल्या भुयारात शिरले. मी म्हटलं, मशीन तुमच्या कानात आहे, पात्राच्या नाही, तेव्हा पात्राचा आकडा दहाच. भाच्यानं नियमाचं पान उघडलं. शेजारच्यानं मदत केली तर अनुकूल परिस्थिती मिळते ना? आणि अनुकूल-प्रतिकूल एकमेकांना खातात ना? मग माझं पात्र आजोबांच्या डाव्या बाजूनं चालणार, आणि जे ऐकेल ते त्यांना सांगणार. संपूर्ण भुयारभर.

मदत एका वेळी एकाच कामाला, पूर्ण भुयारभर चालत नाही, असं कडक डीएम म्हणाली असती. मी वही उघडली आणि दहावर काट मारून पंधरा लिहिलं.

"किती झाले?" बाबांनी विचारलं.

"पंधरा!" भाचा त्यांच्या डाव्या कानात ओरडला.

"अरे हळू," बाबा म्हणाले. "मशीन चालू हाये."